बागेच्या मातीत साठलेलं तांबं आणि मुळांवरची बुरशी: मायकोरायझाने खरंच फरक पडतो का?

शिवारकर
नमस्कार मंडळी,
दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या जुन्या द्राक्षबागेचा तुकडा आता मोकळा केलाय. वडिलांच्या हातापासून त्या जागेवर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं तांबंवालं बुरशीनाशक, पडत आलंय. खरड छाटणीनंतर ओलांड्यांवर, गोडी छाटणीनंतर डावणी रोगासाठी, आणि पाऊस लांबला की विचारूच नका. बाग काढल्यावर सोयाबीन पेरलं. शेंड्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. झाड उपटलं तर मुळं आखूड, तपकिरी, टोकाला जाडसर आणि तंतुमुळं जवळपास नाहीतच. बांधापलीकडे, जिथं कधी बाग नव्हती, तिथं तेच बियाणं व्यवस्थित आहे.

माती तपासली. डीटीपीए चाचणीत तांबं २२ पीपीएम. ०.२ च्या खाली गेलं तर कमतरता धरतात म्हणे, म्हणजे आमच्याकडे शंभरपट! सामू ८.१, चुनखडी भरपूर, सेंद्रिय कर्ब कमी.

औषधांच्या दुकानात सांगितलं की मायकोरायझाची आळवणी करा, ती बुरशी जमिनीतलं तांबं खाऊन टाकते. हे खरं आहे का? कोणी अशा जमिनीत वापरलंय का? पुढच्या हंगामात तिथं कांदा किंवा भाजीपाला घ्यायचा विचार आहे.

भुईआवळा
वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडेही डाळिंबाला बोर्डोच बोर्डो.

मुळाक्षरे
शिवारकर, वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतोय आणि हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे जरा लांबेल.

आधी दुकानदाराच्या वाक्याबद्दल. तांबं हे मूलद्रव्य आहे. बुरशी असो, जिवाणू असो की गांडूळ, ते खाऊन संपवणं कोणाच्याच हातात नाही. कीटकनाशकाचा रेणू तुटतो, तांब्याचा अणू तुटत नाही. तो आहे तिथंच राहतो, फक्त कुठल्या रूपात आणि कोणाच्या ताब्यात, एवढंच बदलतं. आणि मायकोरायझाचं खरं काम नेमकं तिथंच आहे.

ही बुरशी मुळाच्या आत, सालीच्या पेशींमध्ये शिरते आणि तिथं झाडासारखी फांद्या फुटलेली नाजूक रचना तयार करते. देवाणघेवाण तिथं चालते. तिथूनच तिचे तंतू मातीत पसरतात, २ ते १० मायक्रॉन जाडीचे, मुळांवरच्या केसांना जिथं शिरता येत नाही तिथंही शिरणारे. ते स्फुरद, जस्त, पाणी आणून देतात. बदल्यात पीक आपल्या साखरेतला ४ ते २० टक्के वाटा बुरशीला देतं.

आता धातू जास्त झाला की काय होतं? एक म्हणजे तंतूंच्या भिंतीत कायटिन असतं, त्याला धातूचे आयन चिकटून बसतात. दुसरं, जे आत शिरतं ते ग्लुटाथायोन आणि मेटॅलोथायोनिन ही संयुगं धरून ठेवतात, किंवा ते पेशीतल्या रिक्तिकेत बंद होतं. काही बुरश्या धातू पंपासारखा परत बाहेर फेकतात. चौथं म्हणजे ग्लोमॅलिन, मातीच्या कणांना चिकटून राहणारं प्रथिनासारखं द्रव्य. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या सारा राइट यांनी ते १९९६ च्या सुमारास शोधलं, आणि ते तांबं, कॅडमियम, शिसं बांधून ठेवतं असं पुढे दिसलं. ते रासायनिकदृष्ट्या नेमकं काय आहे यावर अजून वाद आहेत, पण धातू बांधतं याबद्दल फारसा वाद नाही.

या सगळ्याचा परिणाम असा की धातू मुळाच्या आसपास आणि बुरशीत अडकतो, पानाफळात कमी चढतो. शिवाय स्फुरद मिळाल्याने पीक मोठं होतं, त्यामुळे किलोमागे धातूचं प्रमाण आणखी खाली येतं.

चिलीमध्ये तांब्याच्या भट्टीजवळच्या प्रदूषित मातीत या बुरशीचा अभ्यास झालाय. तिथल्या बुरशीचे काही बीजाणू निळसर-हिरवे होतात. तांबं त्या ठरावीक बीजाणूंत कोंबलेलं सापडलं आणि बाकीचे साध्या रंगाचे, धडधाकट. मोरचुदाचा तो रंग बीजाणूत पाहिला की कळतं हा जीव काय करतोय ते.

आणखी एक योगायोग. फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी बोर्डो मिश्रण जगासमोर मांडलं १८८५ साली, आणि त्याच वर्षी जर्मनीत आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी मुळं आणि बुरशीच्या या जोडीला मायकोरायझा नाव दिलं. प्रशियाच्या सरकारने त्यांना खरं तर जमिनीखालच्या ट्रफल या महागड्या अळंबीची लागवड करता येते का हे बघायला सांगितलं होतं.

बेरीजवजाबाकी
शंभरपट वाचून घाबरू नका, ०.२ ही कमतरतेची रेषा आहे, विषारीपणाची नाही. पण तांबं साठतं कसं याचा हिशेब बघा.

मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबं. एकरी ४०० लिटर, १ टक्का बोर्डो म्हणजे ४ किलो मोरचूद, म्हणजे १ किलो तांबं. एकराच्या वरच्या सहा इंच मातीचं वजन ८-९ लाख किलो धरलं तर एका फवारणीने एकूण तांबं सव्वा पीपीएमच्या आसपास वाढतं. ०.५ टक्क्याने मारलं तर त्याच्या निम्मं. आता वर्षाच्या फवारण्यांनी आणि बागेच्या वयाने गुणा. तांबं खाली फारसं झिरपत नाही, वरच्या थरातच बसतं.

डीटीपीएचा आकडा मात्र उपलब्ध तांब्याचा असतो, एकूण तांब्याचा नाही. दोन्ही एका तराजूत घालू नका.

युरोपातल्या सर्वेक्षणात सगळ्या जमिनींच्या वरच्या थरातल्या तांब्याची सरासरी किलोला १७ मिलिग्रॅम आली आणि द्राक्षबागांची ४९. म्हणून तिकडे आता ७ वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा आहे. आपल्याकडे निर्यातीच्या द्राक्षात अवशेष तपासतात, मातीत काय उरलं ते कोणी विचारत नाही. हे मला फार खुपतं.

रोखठोक
थोडं थांबा. सामू ८.१ आणि चुनखडी भरपूर असलेल्या जमिनीत सोयाबीन असंही पिवळं पडतं. ते लोहाच्या कमतरतेचं लक्षण आहे, तांब्याशिवायही होतं. उलट इतक्या सामूला तांबं जमिनीत बऱ्यापैकी घट्ट बसतं, विषारीपणा आम्लधर्मी जमिनीत जास्त दिसतो. सगळं खापर बोर्डोवर फोडू नका.

आणि पिशवीतल्या मायकोरायझाबद्दल: दुकानात पत्र्याखाली उन्हाळाभर पडलेल्या पुड्यात किती बीजाणू जिवंत असतात? खत नियंत्रण आदेशात मायकोरायझाचे निकष आहेत, पाकिटावर जिवंत घटकांची संख्या आणि मुदत छापलेली असावी लागते. ते न बघता घेऊ नका.

मुळाक्षरे
रोखठोक, पिवळेपणाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण मुळांचं वर्णन पुन्हा वाचा. आखूड, जाड टोकांची, तंतुमुळं नसलेली मुळं हे जास्त तांब्याचं ठळक लक्षण. नुसत्या चुनखडीने मुळं अशी होत नाहीत. आणि बांधापलीकडची जमीन त्याच जातीची असूनही पीक चांगलं आहे. शिवारकर, पलीकडच्या मातीचाही नमुना द्या. चुनखडी सारखी निघाली आणि तांबं वेगळं, तर प्रश्न मिटला.

शिवारकर
पलीकडचा नमुना या आठवड्यात पाठवतो. सूत्रकृमी पण तपासून घेऊ का?

रोखठोक
नक्की घ्या. जुन्या बागेत असतातच, आणि तेही मुळं खराब करतात. गाठी दिसल्या का बघा.

कांदेपोहे
२० टक्के साखर बुरशीला? तरी अडत, हमाली, तोलाईपेक्षा स्वस्तच पडली की राव!

भुईआवळा
आणि पट्टी रोखीने, तीही स्फुरदात :)

लिंबुर्गवासी
मी बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतात राहतो, त्यामुळे या धाग्यावर लिहिणं भागच आहे. इथल्या उत्तर भागात, लोमेल आणि आसपास, गेल्या शतकात जस्ताच्या भट्ट्या होत्या. त्यांच्या धुराने आजूबाजूची जमीन जस्त आणि कॅडमियमने भरून गेली. वाळूची जमीन, वर काही उगवेना, वारा सुटला की वाळू उडायची. अजूनही तिथल्या एका भागाला लोक लोमेलचं सहारा म्हणतात.

तरी तिथं पाइनची झाडं जगली. पाइनच्या मुळांवर वेगळ्या प्रकारची बुरशी असते, मुळाच्या टोकाला बाहेरून म्यानासारखी गुंडाळलेली. शरद ऋतूत तिची छत्री वर येते. तपकिरी, बुळबुळीत टोपी, खाली पिवळसर छिद्रं. सुइलस ल्युटियस तिचं नाव. हॅसेल्ट विद्यापीठातल्या यान कोल्पार्ट आणि सहकाऱ्यांनी भट्टीजवळची आणि स्वच्छ जंगलातली अशी याच जातीची बुरशी गोळा करून पाइनच्या रोपांना लावली आणि जस्त वाढवत नेलं. स्वच्छ जंगलातल्या बुरशीची रोपं जास्त जस्ताला झुरली. भट्टीजवळच्या बुरशीची रोपं स्फुरद नीट घेत राहिली, वाढत राहिली.

जात एकच, फरक फक्त ती कुठल्या मातीत वाढली याचा! काही दशकांच्या प्रदूषणात बुरशीने स्वतःला बदललं आणि त्या जोरावर झाड उभं राहिलं. मी दर वर्षी तिथल्या पाइनखाली फिरतो. एरवी ही छत्री साल काढून खातात, पण त्या भागातली खाऊ नका, धातू तिच्यात उतरलेले असतात.

इथून फार दूर नाही, जर्मनीत आखेनजवळ ब्राइनिगरबेर्गला जस्ताच्या जुन्या खाणीच्या मातीत पिवळी व्हायोलेट फुलं येतात. त्या झाडाच्या मुळांतून काढलेल्या बुरशीवर मक्याचा प्रयोग झाला. धातूंनी भरलेल्या मातीत मका वाढला आणि धातू मुळांच्या आतल्या सालीच्या पेशींतच जास्त अडकले, वर कमी गेले. तुमच्या पिकांशी जुळणारा प्रकार हाच, पाइनवाला नाही.

मुळाक्षरे
+१. मला सांगायचंय ते लिंबुर्गवासींनी नेमकं सांगितलं. ज्या जमिनीत प्रश्न आहे तिथंच टिकलेली बुरशी सगळ्यात कामाची. याची सुरुवात १९८१ पासून दिसते. इंग्लंडमध्ये माळरानावरच्या हेदर या झुडपावर ब्रॅडली, बर्ट आणि रीड यांनी प्रयोग केला. तांबं आणि जस्त वाढवलं तसं बुरशी नसलेली रोपं गेली, बुरशीवाली जगली, आणि त्यांच्या पानांत धातू कमी, मुळांत जास्त.

संत्रानगरी
आमच्या विदर्भातलं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नागपूर जिल्ह्यात गुमगावला मँगनीजची खाण आहे. खाणीतून निघालेल्या निरुपयोगी दगडमातीचे ढिगारे, त्यात सेंद्रिय कर्ब नाही, नत्र नाही, जिवाणू नाहीत, वर मँगनीज जास्त. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तिथं साखर कारखान्यातला गाळ म्हणजे प्रेसमड घातलं, रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर हे जिवाणू आणि व्हॅम म्हणजे हीच बुरशी दिली, आणि साग, शिसू, शिवण, कडुनिंब अशी झाडं लावली. ढिगाऱ्यावर जंगल उभं राहिलं. खापरखेड्याला विजेच्या केंद्राच्या राखेवर पण तसंच केलं, १० हेक्टरवर, हेक्टरी ५० टन शेणखत घालून.

हे शेणखत-प्रेसमड विसरू नका. नुसती बुरशी टाकून तिथं काहीच झालं नसतं. सेंद्रिय पदार्थ स्वतःच धातू धरून ठेवतात आणि बुरशीला घर मिळतं. शिवारकरदादा, तुमचा कर्ब कमी आहे म्हणता, माझ्या मते पहिला पैसा तिथं घाला.

सातेरी
गोव्यातून. आमच्याकडे लोहखनिजाच्या खाणींचे डोंगराएवढे डंप आहेत. त्यावर सरसकट ऑस्ट्रेलियन अ‍ॅकेशिया लावला. हिरवं दिसतं, पण खाली दुसरं काही उगवताना मी फारसं पाहिलं नाही. काही ठिकाणी काजू लावलेत. गोवा विद्यापीठात खाणीच्या पडीक जमिनीतल्या या बुरशीवर बरंच काम झालंय. आपलं स्थानिक झाड आणि स्थानिक बुरशी एकत्र लावली तर डंपावर पुन्हा रान येईल अशी मला फार आशा आहे. पावसाळ्यात त्या डंपावरून लाल पाणी शेतात उतरतं तेव्हा जीव तुटतो.

एक प्रश्न: आमच्या वारुळावर पावसात ओळमी येतात त्या पण झाडाच्या मुळांच्याच का?

मुळाक्षरे
नाही, सातेरीताई. ओळमीचा संसार वाळवीबरोबर. वाळवी वारुळाच्या आत ती बुरशी वाढवते. मुळांशी नातं असलेली अळंबी बघायची तर झारखंड-छत्तीसगडच्या सालवनात जायला हवं. तिथं पावसाच्या सुरुवातीला रुगडा किंवा पुटू म्हणून गोल गोटीसारखी अळंबी मातीतून उकरून काढतात, ती सालाच्या मुळांवरची.

कांदेपोहे
रुगड्याची भाजी खाल्लीय रांचीत. मटणाला मागे सारते.

सातेरी
ओळमीच्या शाकुतीपुढे नाही हां!

हिरवाचुडा
मूळ प्रश्नाकडे. मोहरी लावून तांबं काढून का घेत नाही? मोहरी धातू शोषते असं वाचलंय. मोहरीला मायकोरायझा दिला तर आणखी जोरात शोषेल ना?

मुळाक्षरे
मोहरीच्या कुळात ही बुरशी वसतच नाही. मोहरी, कोबी, फ्लॉवर, मुळा, त्याचप्रमाणे पालक, बीट. यांना मायकोरायझाची आळवणी म्हणजे पैसे मातीत. कोबीला ती विकणारे मी पाहिलेत, म्हणून मुद्दाम लिहितो. कांदा, लसूण, मका, ज्वारी, हरभरा, टोमॅटो, मिरची, द्राक्ष, डाळिंब यांना ती लागते. कांद्याला तर फारच, त्याच्या मुळांना केस जवळपास नसतातच.

पण बुरशी दर वेळी धातू अडवतेच असंही नाही. दक्षिण आफ्रिकेत निकेलच्या जमिनीवर बर्केया नावाचं झुडूप आहे, ते मुळातच निकेल पानांत साठवतं. त्याला बुरशी दिली तर झाड मोठं झालं आणि पानांत निकेलही वाढलं. झाडाचा स्वभाव काय, धातू कुठला आणि किती, यावर ठरतं. जस्त-तांबं कमी असेल तर हीच बुरशी ते जास्त आणून देते.

बेरीजवजाबाकी
आणि काढून घ्यायचं गणित जमत नाही. एकराला २२ पीपीएम म्हणजे वरच्या थरात जवळपास १९ किलो, तेही नुसतं उपलब्ध तांबं. पीक एका हंगामात ग्रॅमात उचलतं. त्या तुकड्यावर नवं तांबं पडू न देणं आणि असलेलं बांधून ठेवणं, हाच मार्ग.

आजीचाबटवा
पण तिथली भाजी खायची का? आमच्या घरात लहान मुलं आहेत म्हणून विचारते.

मुळाक्षरे
चांगला प्रश्न, ताई. तांब्याच्या बाबतीत माणसाला अपाय होण्याइतकं पानात चढायच्या आधीच पीक स्वतः खुरटतं. कॅडमियमचं उलटं. पीक टवटवीत दिसतं आणि धान्यात, पालेभाजीत कॅडमियम भरलेलं असू शकतं. म्हणून कारखान्याचं सांडपाणी मिळणाऱ्या जमिनीत "मायकोरायझा टाकलाय, आता खायला हरकत नाही" असं कधीही धरू नका. तिथं भाजी न घेणं हेच बरं, घ्यायचीच तर तपासूनच. फक्त बोर्डो पडलेली द्राक्षाची जमीन वेगळी.

शिवारकर
सगळ्यांचे आभार. आता नेमकं विचारतो. पुडा विकत घ्यायचा नाही तर तिथलीच बुरशी वाढवायची कशी?

मुळाक्षरे
त्या तुकड्यात जिथं हरळी सगळ्यात जोमात आहे तिथली मुळं मातीसकट घ्या. लव्हाळा नको, त्याच्या मुळांत ही बुरशी क्वचित असते. तितकीच वाळू मिसळून कुंड्यांत किंवा गोणीत भरा, त्यात मका किंवा ज्वारी पेरा. स्फुरद देऊ नका, डीएपी तर बिलकूल नाही, कारण स्फुरद आयतं मिळालं की पीक बुरशीला आत घेत नाही. तीन-चार महिने वाढू द्या, मग पाणी तोडा, ताटं वाळली की कापून टाका. मुळं बारीक तोडून मातीत मिसळा. हीच तुमची पावडर. कांदा लावताना रोपाच्या मुळाशी पडेल अशी सरीत द्या. वर फेकून उपयोग नाही.

रोखठोक
ही माती फक्त त्याच तुकड्यात वापरा. सूत्रकृमी असतील तर दुसरीकडे न्याल. आणि लागवडीनंतर कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी कराल तर सगळं मुसळ केरात. रोटाव्हेटरही कमी फिरवा, तंतूंचं जाळं तुटतं. एक ओळ बुरशी न देता ठेवा, नाहीतर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही. एक ओळ नुसत्या शेणखताची.

संत्रानगरी
शेणखताच्या ओळीला जोरदार अनुमोदन.

हिरवाचुडा
मुळांत बुरशी शिरली की नाही हे डोळ्यांनी दिसतं का?

मुळाक्षरे
नुसत्या डोळ्यांनी नाही, पण शाळा-कॉलेजातल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. लागवडीनंतर दीड-दोन महिन्यांनी कांद्याची बारीक मुळं अलगद काढा, धुवा. १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मुळं पारदर्शक होईपर्यंत उकळा. हातमोजे आणि चष्मा हवाच, ते त्वचा जाळतं, आणि ॲल्युमिनियमचं भांडं नको. मग स्वच्छ पाण्यात धुऊन, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ टक्के फाउंटन पेनची काळी शाई घालून त्यात तीन मिनिटं उकळा. शेवटी दोन थेंब व्हिनेगर घातलेल्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा, मुळाचा रंग उतरतो आणि बुरशीचा राहतो. मुळाच्या लांबीला धरून पळणारे, आडव्या भिंती नसलेले तंतू दिसतील, मधेमधे लंबगोल फुगे. जास्त वर्धनाखाली पेशीत बारीक फांद्यांची झुडपं. बुरशी दिलेल्या आणि न दिलेल्या ओळीतली मुळं शेजारी ठेवून बघा.

शिवारकर
तालुक्याच्या कॉलेजात भाची बीएस्सीला आहे, तिला हे सगळं वाचून दाखवलं. शाई तिच्याकडे आहे, हरळी माझ्याकडे. गोण्या या पंधरवड्यात भरतो. पलीकडच्या मातीचा अहवाल आला की इथंच टाकतो.